अनुभवाआधी विश्वास : राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारभाराचे एक सूत्र

दरवर्षी २६ जूनला आपण राजर्षी शाहू महाराजांची जयंती साजरी करतो. प्रतिमेला हार घातला जातो, आरक्षणाचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो, माणगावच्या परिषदेचा उल्लेख होतो आणि सभा संपते. या गौरवात खोटे काही नाही. तथापि महाराजांच्या अठ्ठावीस वर्षांच्या कारभारात एक सूत्र अखंड आढळते आणि त्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे आम्हांला वाटते. ज्याला कामाचा अनुभव नाही त्याला तो मिळवून देणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे, हे ते सूत्र होय.

या स्मरणिकेत त्याची चर्चा करण्याचे कारण आहे. आपल्या विद्यालयासारख्या निवासी शाळांतून बाहेर पडलेल्या पिढ्या आज कचेऱ्यांत, रुग्णालयांत, बँकांत आणि शिक्षणसंस्थांत पोहोचल्या आहेत. एकेकाळी मुलाखतीच्या खोलीबाहेर कागदपत्रांची पिशवी घेऊन बसलेली आपली मुले आज त्या खोलीत टेबलाच्या पलीकडे बसतात. टेबलाच्या त्या बाजूस बसलेल्या माणसाने कसे वागावे, याचा धडा महाराजांच्या चरित्रात आहे.

विशीच्या आतला राजा

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव, वडील जयसिंगराव, आई राधाबाई. आईचे छत्र लहानपणीच हरपले. १७ मार्च १८८४ रोजी, वयाच्या दहाव्या वर्षी, राणी आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतले आणि कागलचे यशवंतराव कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले. पुढे राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि त्यानंतर धारवाडला फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी संस्थानाची सूत्रे त्यांच्या हाती आली. त्या दिवशी त्यांना विसावे वर्षही पूर्ण झालेले नव्हते.

येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. लक्षावधी लोकसंख्येच्या संस्थानाचा न्याय, महसूल, शिक्षण आणि आरोग्य एका एकोणीस वर्षांच्या तरुणाच्या स्वाधीन करण्यात आले. राज्य चालविण्याचा अनुभव त्याच्यापाशी कोठून असणार? परंतु तो प्रश्न कोणी केला नाही. घराणे आणि शिक्षण ही त्याची पात्रता मानली गेली. काम करता करता राजा शिकेल, असे सर्वांनी गृहीत धरले. जन्माने ज्यांना आसन मिळते त्यांचे अननुभवीपण असे सहज माफ होते. महारवाड्यातल्या किंवा कुणब्याच्या घरातल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला मात्र साध्या कारकुनीसाठीही आधी अनुभवाचा दाखला मागितला जात होता. स्वतःला मिळालेली ही सवलत महाराजांनी आपल्यापुरती ठेवली नाही. ज्यांना ती कधीच मिळाली नव्हती, त्यांना ती देण्यात त्यांनी आपली सत्ता खर्च केली.

उमेदवार या शब्दाचा इतिहास

महाराजांनी सूत्रे घेतली तेव्हाचे आकडे चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहेत. सर्वसाधारण कारभारातील ७१ अधिकारपदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनांच्या सुमारे ५०० जागांपैकी ब्राह्मणेतरांच्या वाट्याला अवघ्या १० आल्या होत्या. अस्पृश्यांचा तर या हिशेबात प्रश्नच उद्भवत नव्हता.

ही स्थिती केवळ कोणाच्या दुष्टाव्याने आली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तिच्यामागे एक यंत्रणा होती, आणि तिचे मर्म आपल्या भाषेतील एका शब्दात दडलेले आहे. उमेदवार म्हणजे आज आपण निवडणुकीला किंवा नोकरीला उभा राहिलेला माणूस समजतो. जुन्या कचेऱ्यांत मात्र उमेदवार म्हणजे पगाराविना काम शिकणारा, जागा रिकामी होण्याची वाट पाहत दप्तरात बसणारा तरुण. उमेदवारी करणे याचा अर्थच मुळी बिनपगारी शिकाऊ काम करणे असा होता. ही उमेदवारी करणे कोणाला शक्य होते? ज्याच्या घरी दोन वेळच्या अन्नाची ददात नव्हती आणि ज्याचा मामा, काका किंवा वडील त्याच कचेरीत होते, त्याला. मोडी वाचणे, हिशेब लिहिणे, साहेबापुढे कागद कसा ठेवावा हे जाणणे, हे सारे तो घरबसल्या शिकत असे. जागा रिकामी झाली की अनुभवी माणूस हवा, असे म्हटले जाई. आणि अनुभवी माणूस नेमका त्याच घरात सापडे. नियम वरवर सर्वांना सारखा होता, फल मात्र आधीच ठरलेले होते.

काम नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून काम नाही, असे हे चक्र होते. ते आपणहून थांबणारे नव्हते. ते थांबवण्याची शक्ती खुर्चीवर बसलेल्या माणसाच्याच हाती होती.

महाराजांनी सुरुवात माणसे निवडण्यापासून केली. १८९५ साली त्यांनी भास्करराव जाधव या पदवीधर तरुणाला संस्थानच्या सेवेत घेतले. भास्कररावांची पदवी उच्च होती. कारभाराचा अनुभव मात्र त्यांना कोल्हापुरातच मिळायचा होता. तो मिळाला आणि पुढे हाच गृहस्थ सत्यशोधक चळवळीचा आधारस्तंभ आणि मुंबई इलाख्याचा मंत्री झाला. जैन समाजातील अण्णासाहेब लठ्ठे यांनाही महाराजांनी राजाराम महाविद्यालयात आणि नंतर शिक्षणखात्यात काम दिले. पुढे मतभेद होऊन लठ्ठे कोल्हापूर सोडून गेले. तरीही महाराजांच्या मृत्यूनंतर १९२४ साली त्यांचे इंग्रजी चरित्र लठ्ठ्यांनीच लिहिले, आणि १९३७ साली ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. ज्याला आपण संधी दिली तो जन्मभर आपल्या शब्दाबाहेर जाणार नाही, अशी अट महाराजांच्या व्यवहारात बसणारी नव्हती, हे या उदाहरणावरून ध्यानात येते. संधी देणे म्हणजे मिंधेपण विकत घेणे नव्हे.

१९०२ चा हुकूम

निवडक माणसे हेरून नेमणे पुरेसे नाही, हे महाराजांना लवकरच उमगले. १८९९ नंतरच्या वेदोक्त प्रकरणाने ते अधिक स्पष्ट केले. राजाच्या घरचे धर्मविधी वेदोक्त मंत्रांनी करण्यास पुरोहितांनी नकार दिला. छत्रपतीची ही गत, तर खेड्यातल्या अस्पृश्याची काय असेल, याची कल्पना त्या प्रसंगाने महाराजांना आली असावी. त्यांच्या पुढील सर्व सुधारणांना यानंतर धार चढली.

२६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या गॅझेटात तो ऐतिहासिक हुकूम प्रसिद्ध झाला. महाराज त्या वेळी बादशहा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडात होते. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांनी भराव्यात, असा तो आदेश होता. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सर्व जाती मागासलेल्या समजाव्यात, असे त्यात स्पष्ट केले होते.

आपल्या सभांतून ५० टक्के हा आकडा नेहमी सांगितला जातो. हुकुमाचे आणखी एक कलम मात्र फारसे कोणी सांगत नाही. या हुकुमानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीस सादर करावा, असे ते कलम आहे. आमच्या मते हुकुमाचा प्राण येथे आहे. चांगला हेतू कोणीही कागदावर मांडतो. तीन महिन्यांनी किती माणसे घेतली, हे विचारणारा वरिष्ठ असला म्हणजे हेतूचे रूपांतर नेमणुकीत होते. योग्य माणूस मिळाला नाही, हे उत्तर एका तिमाहीत खपते. चार तिमाह्या तेच उत्तर आले, तर शोध घेण्यातच खोट आहे, हे तक्ताच सांगतो.

हुकुमावर टीका झाली. कारभाराची गुणवत्ता ढासळेल, असा आक्षेप मुख्यतः घेतला गेला. या संदर्भात सांगलीच्या एका वकिलाला महाराजांनी घोड्यांच्या पागेत नेऊन चंदीचे उदाहरण दाखवल्याची आठवण सांगितली जाते. ती बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. एकत्र टाकलेली चंदी सशक्त घोडी खाऊन टाकतात आणि अशक्त घोडी मागे राहतात, म्हणून त्यांचे तोबरे वेगळे बांधावे लागतात, हे तिचे तात्पर्य. गोष्ट बोधप्रद आहे. पण तिच्यात महाराजांचा अर्धाच विचार येतो. घोड्याला चंदी देतात ती त्याने गाडी ओढावी म्हणून. महाराजांनी मागासवर्गीयांच्या पुढे केवळ तोबरा धरला नाही, त्यांच्या खांद्यावर गाडीही दिली. अन्नाचा वाटा देणे ही दया झाली. जबाबदारीचे काम सोपवणे हा विश्वास झाला. १९१२ सालापर्यंत अधिकारपदे ७१ वरून ९५ झाली होती आणि त्यांत ब्राह्मण अधिकाऱ्यांची संख्या ६० वरून ३५ वर आली होती. या अठरा वर्षांत संस्थानचा कारभार बुडाला नाही. याच काळात भोगावतीवरील राधानगरीच्या धरणाचे काम सुरू झाले आणि शाहू मिल उभी राहिली.

वसतिगृहे : उमेदवारीची नवी जागा

अनुभव नसलेल्या माणसाला जागा द्यायची, तर निदान शिकलेला माणूस तरी उपलब्ध हवा. त्याची तजवीज महाराजांनी वसतिगृहांच्या रूपाने केली. १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या वसतिगृहात काही वर्षांतच एकाच वर्गाची मुले उरली. तो अनुभव घेऊन १९०१ पासून त्यांनी मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा, इमारती आणि उत्पन्ने दिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले.

वसतिगृहाचे महत्त्व आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. वेळेवर उठणे, चार अनोळखी मुलांबरोबर राहणे, भांडारातील धान्याचा हिशेब ठेवणे, सभेत उभे राहून दोन वाक्ये बोलणे, या सवयी सुस्थित घरातील मुलाला आपोआप लागतात. ज्याच्या घरात त्या लागण्याची सोय नाही त्याला त्या वसतिगृहात लागतात. कचेरीतील मामा ज्याला नाही, त्याची उमेदवारी वसतिगृहात होते. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांबरोबर बसवली, ती याच वाटेवरची पुढची पावले होत.

चावडीच्या आत

१९१८ साली महाराजांनी दोन जुन्या वतनांवर घाव घातला. महार वतन रद्द करून त्यांनी जमिनी महारांच्या नावे रयतावा केल्या आणि वेठबिगारीतून त्यांची सुटका केली. दुसरीकडे कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. या तलाठ्यांत अस्पृश्य तरुण असावेत, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यासाठी तलाठ्याचे काम शिकवण्याचे वर्ग काढले गेले.

गावगाड्याची रचना ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच या नेमणुकीचा अर्थ पूर्णपणे कळेल. महार चावडीचा चाकर होता, परंतु त्याची जागा चावडीच्या बाहेर होती. रयतेला हाळी देऊन बोलावणे, सरकारी वसूल डोक्यावरून तालुक्याला पोहोचवणे, आलेल्या अंमलदाराचा घोडा धरणे, ही त्याची कामे. आता त्याचा मुलगा चावडीच्या आत, दप्तर पुढे घेऊन बसणार होता.

त्याला अनुभव नव्हता, असा आक्षेप आला. इतिहासाच्या दृष्टीने हा आक्षेप अर्धाच खरा आहे. गावाची शीव कोठे आहे हे महाराइतके कोणालाही ठाऊक नसे. दोन गावांत हद्दीचा तंटा पडला की महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. कोणाचे शेत कोठे संपते, पाणी कोणत्या ओढ्याने जाते, कोणाच्या घरी खरोखर पीक आले आहे, हे तो पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला होता. महसुलाचे निम्मे ज्ञान त्याच्या पायांत होते. ते कागदावर उतरवण्याची विद्या तेवढी त्याला नाकारलेली होती. ज्याला आपण अननुभवी म्हणतो, त्याच्यापाशी अनेकदा अनुभव असतो. अर्जाच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नसतो, इतकेच. हा न छापलेला रकाना वाचण्याची दृष्टी महाराजांपाशी होती.

तीच दृष्टी इतरत्रही दिसते. राजवाड्याच्या हत्तींवर त्यांनी अस्पृश्य माहूत नेमले, गाड्यांवर अस्पृश्य कोचमन बसवले. ज्यांना सरकारदरबारी जन्मजात गुन्हेगार समजले जाई आणि ज्यांना रोज हजेरी द्यावी लागे, त्या जमातींची हजेरी त्यांनी बंद केली, आणि फासेपारध्यांना पहाऱ्याच्या कामावर घेतले. ज्यांच्यापासून राखण करायची असे लोक म्हणत, त्यांनाच राखणदार नेमण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. काही सुशिक्षित अस्पृश्य तरुणांना त्यांनी वकिलीच्या सनदाही दिल्या. कायद्याची पदवी नाही, कोर्टाचा अनुभव नाही, अशी ओरड झाली. परंतु सनदेशिवाय कोर्टात उभे राहता येत नाही आणि कोर्टात उभे राहिल्याशिवाय अनुभव येत नाही. महाराज कुस्तीचे मोठे जाणकार होते. नव्या पठ्ठ्याला आखाड्यात उतरवल्याशिवाय तो पैलवान होत नाही, हे खासबागचे मैदान उभारणाऱ्या राजाला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

नेमणुकीनंतरची जबाबदारी

अननुभवी माणसाला जागा देणे हा कामाचा पहिला भाग. दुसरा भाग अधिक अवघड आहे आणि बहुतेक सदिच्छा तेथेच अपुऱ्या पडतात. याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण आपल्या बाबासाहेबांच्या आयुष्यात आहे. १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. सयाजीराव महाराजांचा हेतू उदार होता. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेत शिकले होते. परंतु कचेरीतील शिपाई दुरून फायली टाकीत, प्यायला पाणी मिळेना आणि राहण्यास जागा मिळेना. पारशी वसतिगृहातूनही त्यांना हाकलण्यात आले. कोलंबिया विद्यापीठाचा पदवीधर अल्पावधीत बडोदा सोडून मुंबईस परतला. नेमणूक झाली होती, पण नेमलेल्या माणसाच्या पाठीशी रोज उभा राहील असा कोणीही त्या कचेरीत नव्हता.

कोल्हापुरात १९१९ साली निघालेला एक आदेश यासंदर्भात वाचण्यासारखा आहे. संस्थानच्या नोकरीत आलेल्या अस्पृश्यांना सर्व अधिकाऱ्यांनी ममतेने आणि समतेने वागवावे, असे त्यात म्हटले होते. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी सहा आठवड्यांच्या आत राजीनाम्याची सूचना द्यावी, त्यांना निवृत्तिवेतन मिळणार नाही, अशीही तजवीज त्यात होती. समतेचा उपदेश अनेकांनी केला आहे. उपदेशाला सहा आठवड्यांची मुदत आणि निवृत्तिवेतनाची अट जोडणारा राजा विरळा. नवागताने जुन्यांशी जुळवून घ्यावे, अशी आपल्याकडे रीत आहे. महाराजांनी जुन्यांनाच नवागताशी जुळवून घेण्यास बजावले.

गंगाराम कांबळे यांची हकीकत याच जबाबदारीचे दुसरे रूप दाखवते. ते महाराजांच्या पागेतील नोकर. मराठा नोकरांच्या हौदाला स्पर्श केला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज त्या वेळी दिल्लीला गेले होते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढण्यास मदत केली. भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांचे चहाचे दुकान निघाले. सत्यसुधारक हे त्याचे नाव. महाराजांनी त्यांना सोडावॉटरचे यंत्रही घेऊन दिले. परंतु अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराजांची गाडी त्या दुकानासमोर थांबू लागली. महाराज चहा मागवीत, स्वतः घेत आणि गाडीत बसलेल्या प्रतिष्ठितांनाही पाजत. भांडवल देऊन ते थांबले नाहीत. दुकानाचे गिऱ्हाईकही झाले. ज्याचे काम नवे आहे त्याला उपदेशापेक्षा पहिल्या गिऱ्हाइकाची गरज असते. कोल्हापूरचा छत्रपती भर रस्त्यात ते गिऱ्हाईक झाला आणि त्या दुकानापुढचा बहिष्कार हळूहळू सैल पडला.

माणगाव

१९१९ च्या एप्रिलमध्ये कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय परिषदेने महाराजांना राजर्षी ही पदवी दिली. त्यांची कीर्ती आता महाराष्ट्राबाहेर पसरली होती. अस्पृश्यांचे पुढारीपण स्वतःकडे ठेवणे त्यांना सहज शक्य होते. त्याऐवजी ते पुढाऱ्याचा शोध घेत होते.

चर्मकार समाजातील कार्यकर्ते दत्तोबा पवार यांच्या द्वारे त्यांचा बाबासाहेबांशी परिचय झाला. बाबासाहेब तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. विद्वत्ता निर्विवाद होती, साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांची बाजू मांडली होती. परंतु चळवळ उभारण्याचा, सभा हलवण्याचा, लोक संघटित करण्याचा अनुभव जवळपास नव्हता. महाडला अजून सात वर्षे अवकाश होता. अशा तरुणाच्या मूकनायक या पाक्षिकासाठी महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. ३१ जानेवारी १९२० रोजी त्याचा पहिला अंक निघाला.

पुढे २१ आणि २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी अठ्ठावीस वर्षांचे बाबासाहेब होते. महाराज तेथे आले आणि अस्पृश्यांना त्यांचा खरा पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. हा पुढारी उद्या साऱ्या हिंदुस्थानचा पुढारी होईल, असा विश्वासही त्यांनी व्यक्त केला. परक्या समाजातील पुढाऱ्यांच्या मागे जाऊ नका, आपल्यातूनच पुढारी निवडा, असा त्यांचा सांगावा होता. स्वतः राजा असलेल्या माणसाने हे सांगितले, यातच त्यांच्या मोठेपणाची खूण आहे.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीसही पुरे नव्हते. बाबासाहेब तेव्हा परदेशात शिकत होते. महाराजांनी जे भाकीत केले, त्याचा पडताळा पाहण्यास ते राहिले नाहीत. १९३० साली लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद भरली, तेव्हा तेथे अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बाबासाहेब बसले होते आणि त्याच परिषदेत ब्राह्मणेतर पक्षाच्या बाजूने भास्करराव जाधवही होते. पस्तीस आणि दहा वर्षांपूर्वी ज्यांच्यावर कोल्हापूरच्या राजाने विश्वास टाकला, ते दोघे साम्राज्याच्या राजधानीत एका छताखाली देशाच्या राज्यघटनेची चर्चा करीत होते.

दयेपासून हक्कापर्यंत, आणि पुढे

महाराजांच्या कार्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते सारे एका राजाच्या इच्छेवर अवलंबून होते. राजा गेला की इच्छा जाते. बाबासाहेबांनी ही मर्यादा ओळखली. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर सभासद असताना त्यांच्या प्रयत्नाने १९४३ साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या, आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने या तत्त्वाला घटनेचा आधार मिळाला.

परंतु कायदा दारापर्यंत आणतो. दाराच्या आतील वागणूक माणसांच्या हाती राहते. शिवाय आज कामाच्या असंख्य जागा कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. खासगी दवाखाना, ठेकेदाराचे कार्यालय, विनाअनुदानित शाळा, दुकान, सहकारी पतसंस्था येथे कोणाला घ्यायचे हे एकदोन माणसे ठरवतात. त्यांतील काही माणसे आपली आहेत.

येथे एक कटू गोष्ट आम्हांला नमूद करावी लागते. वर पोहोचलेला आपला माणूस निवड करताना आपल्याच मुलाबाबत पुष्कळदा अधिक कठोर होतो. आपल्याला घेतले म्हणून लोक बोट दाखवतील, त्याची चूक आपल्या माथी येईल, ही भीती त्याच्या मनात असते. ती भीती निराधार नाही; आपल्या एकाच्या चुकीचा बोभाटा साऱ्या समाजाच्या नावाने होतो, हे आपण सारे जाणतो. म्हणून तो अनुभवी, सुरक्षित, बहुधा सुस्थित घरातला उमेदवार निवडतो, आणि वसतिगृहातून नुकताच बाहेर पडलेला मुलगा पुन्हा बाहेरच्या बाकावर बसून राहतो. शाहू महाराजांवर टीका झाली नव्हती काय? त्यांनी टीकेवर उपाय केला तो प्रशिक्षणाचा, देखरेखीचा आणि पाठराखणीचा. तलाठ्याला आधी वर्गात बसवले, मग दप्तर दिले. रुग्णाच्या जिवाशी किंवा लोकांच्या ठेवींशी ज्या कामाचा संबंध आहे, तेथे नवख्याला एकटे सोडावे, असे कोणीही म्हणणार नाही. जाणत्याच्या हाताखाली त्याला उभे करावे, एवढीच मागणी आहे.

आपल्या धम्माच्या इतिहासातही याला पूर्वसूरी आहे. शाक्य राजपुत्र भगवान बुद्धांकडे दीक्षेसाठी आले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली हा न्हावी होता. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने ठरत असे. राजपुत्रांच्या विनंतीवरून बुद्धांनी उपालीला प्रथम दीक्षा दिली आणि राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले. तोच उपाली विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार झाला, आणि महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे पठण त्यानेच केले. आधी आसन दिले गेले. अधिकार त्यानंतर आला.

आपल्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांत आज अनेक अधिकारी, डॉक्टर, मुख्याध्यापक आणि उद्योजक आहेत. त्यांना आमची एवढीच विनंती आहे, की महाराजांच्या १९०२ च्या हुकुमातील तिमाही तक्ता प्रत्येकाने स्वतःपुरता ठेवावा. या वर्षात मी किती जणांना त्यांचे पहिले काम दिले, त्यांतील किती जण टिकले, आणि जे टिकले नाहीत त्यांच्या पाठीशी मी किती उभा राहिलो, हे त्यात लिहावे. स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांच्या नावापुढे त्यांचा हुद्दा छापण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. पुढच्या स्मरणिकेत हुद्द्याच्या शेजारी हा आकडाही छापता आला, तर २६ जूनच्या हारापेक्षा राजर्षींना ते अभिवादन अधिक रुचेल.